जुन्या वाळूचे आप्पा

आमच्या फौंड्रीत मगदूम आप्पांना सगळे टरकून असायचे. आप्पांनी जन्मात कुणावर आवाज चढवला नाही, रजा कापली नाही, कुणाची चुगली केली नाही. तरी ते समोरून येताना दिसले की माणसं दुसऱ्या दारानं निघून जायची, कारण आप्पा विचारायचे. चहावाल्यानं ग्लास दोन बादल्यांत विसळले की विचारायचे, दोन बादल्या कशाला? वॉचमननं खुर्ची इकडची तिकडं केली की विचारायचे, आज तिकडं का? एकदा तर त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, की बाबा, तू मीटरवर फडकं का टाकलायस? हा प्रश्न बेळगावात विचारायचा म्हणजे छाती लागते. रिक्षावाला आधी चिडला, मग हसला, आणि शेवटी स्टँडपर्यंत आपल्या बायकोच्या दुखण्याचं सांगत राहिला. मी शेजारीच बसले होते, म्हणून सांगते.

‘याक?’ हा त्यांचा शब्द. निपाणीकडच्या एका खेड्यातलं जैन शेतकऱ्याचं घर त्यांचं. घरात मराठी आणि बाजारात कानडी, त्यामुळं त्यांचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि प्रश्न कानडीत यायचा. “मराठीतला ‘का’ भांडायला आल्यागत वाटतो बघ,” ते म्हणायचे. “याक म्हटलं की माणूस बसून सांगतो.” आणि एकदा विचारलं की हात मागं बांधून, मान जरा कलती करून पुरतं उत्तर ऐकायचे. मध्ये एक अक्षर बोलायचे नाहीत. समोरच्याचं बोलणं संपलं तरी हलायचे नाहीत. मग त्या माणसाला अवघडल्यासारखं व्हायचं आणि खरं काय ते त्यानंतर बाहेर पडायचं.

मी वडगावची. पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत आम्ही, अशा घरात वाढलेली. मागाच्या खटखटाटात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, तेव्हा माझी जीभ मुळातच तिखट. त्यात इंजिनिअर झाले, पुण्यात दोन वर्षं काढली, म्हणजे विचारूच नका. परत आले तेव्हा या फौंड्रीचे धाकटे साहेब जरा घाबरलेले होते. आमचा माल घेणाऱ्या परदेशातल्या मोठ्या कंपनीनं कळवलं होतं, की तुमच्या कारखान्यानं माती, पाणी आणि हवा यांचं नुकसान कमी केल्याचं दाखवा, नाहीतर पुढं माल घेणार नाही. साहेबांनी तातडीनं एक पद काढलं, सस्टेनेबिलिटी ऑफिसर, आणि त्यावर मला बसवलं. एक टेबल, एक लॅपटॉप आणि दारावर इंग्रजी-कानडीत पाटी. आईनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

आप्पा स्टोअर सांभाळायचे. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. या कामासाठी नेमलेल्या माझ्या समितीत त्यांना घातलं ते एवढ्याचसाठी, की त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं.

पहिल्याच बैठकीत मी भिंतीवर रंगीत चित्रं दाखवत होते. फौंड्रीत लोखंडाचा रस ओततात तो साचा वाळूचा असतो, हे वाचणाऱ्याला सांगायला हवं. वाळूत थोडी चिकणमाती आणि थोडं पाणी घालून ती साच्यात ठोकून बसवायची, रस ओतायचा, भाग निवला की साचा फोडायचा. आमच्याकडं त्यातली थोडी वाळू पुन्हा वापरायचे आणि बाकीची ट्रॅक्टरनं बाहेर जायची. माझ्या चित्रात त्या बाहेरच्या बाणापुढं लिहिलं होतं, ‘सुरक्षित विल्हेवाट’.

“अक्का,” आप्पा मला म्हणाले, “ही वाळू कुठं जाती?”

“बाहेर.”

“भाईर म्हंजे कुठं?”

मी साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी मॅनेजरकडं पाहिलं आणि मॅनेजरांनी पंख्याकडं. इतक्या वर्षांत कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्या स्कूटीवर मागं बसले आणि आम्ही वाळूच्या ट्रॉलीमागून निघालो. धूळ खात खात वस्ती संपेपर्यंत गेलो. एका नाल्याकडेच्या शेतात ट्रॉली रिकामी झाली. तिथं एक म्हातारी बाई म्हैस घेऊन उभी होती. आप्पांनी तिला विचारलं, “अक्का, हितं काय पिकतं?”

“काय पिकतंय? आदी भात हुतं. आता ही काळी वाळू. गवात आलं तरी म्हस त्वांड लावत न्हाय.”

आप्पा मान कलती करून तसेच उभे राहिले. म्हातारीनं पदर सारखा केला, इकडं तिकडं बघितलं आणि मग हळूच म्हणाली, “माज्याच ल्योकानं टाकून घेटलीया, खड्डा भरंल म्हणून. आता कुणाला सांगू?”

चिमूटभर काळी वाळू आप्पांनी वर्तमानपत्राच्या कागदात पुडी करून खिशात घातली होती. ऑफिसात येऊन मी ‘सुरक्षित’ हा शब्द खोडला. लाज वाटली, खोटं कशाला सांगू?

आप्पांची आणखी एक गोष्ट सांगते. ते सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नसत. एकदा त्या परदेशी कंपनीचा तपासनीस आला होता, मराठीच माणूस, टाय बांधलेला, कपाळावर आठी घेऊन. बैठक लांबली, खिडकीबाहेर ऊन पिवळं झालं. आप्पा उठले, डबा आणला आणि त्याच टेबलावर उघडला. धाकट्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“आप्पा, अहो पाहुणे...”

“सूर्य कुठं पावण्यासाठी थांबतोय साहेब?” आप्पा म्हणाले, आणि अर्धी भाकरी शेंगाचटणीसकट तपासनिसापुढं सरकवली. लसूण नसलेली चटणी, पण काय चव! तपासनिसानं आधी नको-नको केलं, मग खाल्ली, मग मागून घेतली. खाता खाता आप्पांनी त्याला विचारलं, “तुम्ही एवढे कारखाने बघता, चांगला बदल झाल्याला कुठं बघितलासा?” तो माणूस पहिल्यांदाच फाईलमधून वर पाहून बोलायला लागला. म्हणाला, कागदावर सगळीकडं होतो, जमिनीवर फार थोड्या ठिकाणी. ते वाक्य मला तेव्हा टोचलं. माझा सगळा संसार कागदावरच होता ना!

कारण तोवर माझा आराखडा तयार झाला होता. टाकाऊ वाळू निम्म्यावर आणायची. जुनी वाळू चाळायची आणि ताबडतोब सरकत्या पट्ट्यावरून पुन्हा साच्याकडं पाठवायची. आमचे लोक साचे फोडले की वाळूचा ढीग कोपऱ्यात घालायचे आणि थेट दुसऱ्या दिवशी हात लावायचे. मला तो शुद्ध आळशीपणा वाटला. जागा अडते, काम रेंगाळतं. मी ढीग बंद केला. शिवाय जुने मोल्डर, म्हणजे साचे करणारे कारागीर, वाळू मुठीत दाबून, मोडून बघायचे आणि मगच वापरायचे. त्यावर मी फलक लावला: ‘मूठ नको, मशीन वापरा.’ वाळूतलं पाणी लॅबमध्ये मोजायचं, अंदाजपंचे नाही.

आप्पांनी तो फलक उभं राहून दोनदा वाचला. मग म्हणाले, “अक्का, पावण्यानं पयल्याच दिवशी घरातली भांडी हलवू न्हाईत.”

“मी पाहुणी नाही आप्पा, पगारी नोकर आहे.”

“ते खरं. पन ढीग का घालत्यात ते विचारलीस काय?”

“त्यात काय विचारायचं? सवय!”

आप्पा गप्प बसले. त्यांना मी एवढं ओळखत होते, तरी त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या आठवड्यात माल बाद व्हायला लागला. ओतलेल्या भागांत बारीक बारीक पोकळ्या, जाळीच जणू. लॅब म्हणत होती, वाळू ठीक आहे, पाणी ठीक आहे. कामगार म्हणत होते, जुन्या वाळूचा गुण. मॅनेजर म्हणत होते, हे सगळं फॅड बंद करा. परदेशी कंपनीला पहिली खेप महिन्याभरात द्यायची होती. माझ्या पायाखालची वाळू सरकली, आणि विनोद करण्याइतकीही शुद्ध नव्हती.

मग कॅमेऱ्यात सापडलं. पुंडलिक मिस्त्री, आमचा सर्वांत जुना मोल्डर, जांबोटीच्या पलीकडच्या एका खेड्यातला, तीस वर्षं साचे करणारा माणूस. साचा ठोकण्याआधी इकडं तिकडं बघून डब्यातून वाळूवर पाणी शिंपडताना स्पष्ट दिसत होता. एकदा नाही, रोज. आता पाणी जास्त झालं की ओतताना वाफ होते आणि वाफेनं पोकळ्या पडतात, हे फौंड्रीत शेंबड्या पोरालाही कळतं. मॅनेजर टेबलावर हात आपटून म्हणाले, “घातपात! नवीन पद्धत बंद पाडायला मुद्दाम करतोय.” मीही मान हलवली. हो, मी हलवली. पुंडलिकला काढून टाकण्याचं पत्र त्याच दुपारी टाईप झालं. तीस वर्षांच्या नोकरीवर घातपाताचा शिक्का. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

आप्पा साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी आत होते.

“आठ दिवस द्या,” ते म्हणाले. “न्हाय जमलं तर त्या पत्रात माझं बी नाव घाला.”

“आप्पा, व्हिडिओत दिसतंय सगळं. आता काय बघायचं राहिलंय?”

“काय करतोय ते दिसतंय साहेब. का करतोय ते कुठं दिसतंय?”

“आणि तुमचं यात काय अडलंय?”

“मागं एकदा न विचारता सही केलोय मी,” आप्पा एवढंच म्हणाले. साहेबांनी आठ दिवस दिले.

पुंडलिक मिस्त्री रागानं पेटला होता. पालथ्या डब्यावर बसून साचा ठोकायचा आणि कुणाकडं बघायचा नाही. आप्पांनी आपलं स्टोअर दुसऱ्याकडं सोपवलं, दुसरा डबा पालथा घातला आणि त्याच्या शेजारी बसले. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. ना पुंडलिक बोलला, ना आप्पा. दोघं शेजारी बसून जेवले. पुंडलिकच्या डब्यात कांदा असला की आप्पा जरा सरकून बसत, एवढाच काय तो त्यांच्यातला व्यवहार. मी दिवसातून दहा वेळा लांबून बघून जायचे. आठातले तीन दिवस असे गेले!

चौथ्या दिवशी सकाळी मी तिथून जात असताना आप्पांनी सहज विचारलं, “मिस्त्री, पाणी शिंपडताना इकडं तिकडं बघतासा, याक?”

पुंडलिकचा हात थांबला. “मंग काय करू? ह्या म्याडमनं बोर्ड लावलाय न्हवं का. मूठ बंद!”

आप्पांनी मान कलती केली. मी तिथंच खांबासारखी उभी राहिले.

“तीस वरसं मुठीनं साचे क्येलो,” पुंडलिक म्हणाला. “कुनी एकदा तरी इचारलं, की पुंडलिक, ही वाळू कशी वाटतीया? वरनं म्हनत्यात, मशीन हाय, तुजी मूठ नगं. बरं, नगं तर नगं. पन साचा माज्या हातात ढासळतोय त्येचं काय करू? हात घाला आप्पा. घाला हात!”

आप्पांनी वाळूत हात घातला आणि चमकून माझ्याकडं बघितलं. “अक्का, हिकडं ये. तू बी घाल.”

मी घातला. वाळू गरम होती.

आता लिहिताना वाटतं, एवढी साधी गोष्ट! नुकत्याच फुटलेल्या साच्यातली वाळू मी तशीच तापलेली पट्ट्यावरून परत पाठवत होते. तापलेली वाळू मुठीत कोरडी लागते, सुटते, साचा धरत नाही. म्हणून पुंडलिक पाणी मारत होता, त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं तसं. आणि लॅबमधला नमुना? तो पाणी मारण्याआधीच घेतलेला असायचा आणि पिशवीतून लॅबपर्यंत जाईस्तोवर गार व्हायचा, तेव्हा तिथं सगळं ठीक दिसायचं. कोपऱ्यातला तो ढीग आळशीपणानं घातलेला नव्हता. वाळू निवायला ठेवलेली होती. कुणी कधी लिहून ठेवलं नाही, कारण लिहायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

“आमच्या आईकडचा आज्जा तंबाखूचा यापारी,” आप्पा पुंडलिकला सांगत होते. “वखारीत पानाला पाणी किती मारायचं ते त्याला बोटं सांगायची. पन उन्हातनं पान तापून आलं तर बोटं बी फसायची. तुमची मूठ खरं सांगत हुती मिस्त्री. वाळू खोटं बोलत हुती.”

पुंडलिकनं डोळे पुसले. आणि मला म्हणाला, “म्याडम, मूठ करा बघू. अशी न्हवं. आंगठा भाईर.”

तिथून निघताना आप्पा माझ्या बरोबरीनं चालले. कुणी ऐकणार नाही इतक्या हळू म्हणाले, “साहेबास्नी तू सांगतीस, का मी सांगू?”

मी काय सांगू, काय अवस्था झाली माझी! नवी नोकरी, दारावर पाटी, आईचे पेढे. आप्पांनी सांगितलं असतं तर त्यांनी माझं नाव अलगद बाजूला ठेवलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मीच गेले. सांगितलं, ढीग मी बंद केला, मूठ मी बंद केली, आणि पुंडलिकला काढण्याला मान मी हलवली. साहेबांनी ते टाईप केलेलं पत्र खणातून काढलं, फाडलं आणि मला म्हणाले, “आता नीट करून दाखवा.”

केलं. वाळू पसरून निववायला शेड केली. मोल्डरांच्या मुठी आणि लॅबचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. पुंडलिक मूठ दाबून सांगायचा, “हां, आता झाली,” आणि आम्ही त्या वाळूचं पाणी आणि उष्णता मोजायचो. बघता बघता दोन्हींचा मेळ बसला. माल सुधारला, खेप वेळेत गेली, नाल्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्या कमी झाल्या. साहेबांनी त्या म्हातारीच्या शेतातली वाळूही उचलून आणायला लावली. ती सगळी निघाली नाही, पण निघाली बरीच. तपासनिसानं शेवटी लिहिलं, इथले कामगार स्वतः बदल समजावून सांगतात. मी काहीच केलं नव्हतं. उंटावरून खाली उतरले होते, इतकंच.

आप्पा निवृत्त झाले त्या दिवशी दुपारी निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, फोटो. भाषण त्यांनी केलं नाही. पुंडलिकला जवळ बसवून घेतलं आणि सगळ्यांची भाषणं हात बांधून ऐकली. नंतर मला म्हणाले, “अक्का, स्टँडवर सोड.”

स्टँडवर मी निपाणीच्या गाड्या लागतात तिकडं वळले, तर म्हणाले, “तिकडं न्हवं. जांबोटीची गाडी कुठं लागती?”

“आप्पा, आज रिटायर झालाय तुम्ही. घरी माणसं वाट बघत असतील. जांबोटीला काय आहे?”

ते शाल-नारळ मांडीवर घेऊन बाकावर बसले. “स्टोअरला मी नवा हुतो तवा लक्ष्मण म्हणून एक जण हुता माझ्या हाताखाली. डिझेलचा एक कॅन गायब झाला. किल्ली त्याच्याकडं. तवाचे मॅनेजर म्हणाले, त्यानं चोरला अशा कागदावर सही कर. मी सही केलो. दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरनंच परत पाठवलं.”

“त्यानं चोरलं नव्हतं?”

“चोरला असंल बी. न्हाय बी. मला ठाऊक न्हाय, अक्का. मी त्याला विचारलोच न्हाय.”

फलाटावर एक माणूस लिंबं विकत ओरडत होता.

“इतकी वर्षं शोधलो. गोव्याला गेला म्हणायचे. परवा पुंडलिक बोलता बोलता म्हणाला, त्याच्या शेजारच्या वाडीत एक लक्ष्मण हाय, पूर्वी फौंड्रीत हुता. गुडघं गेल्यात, घरीच असतो.”

“आप्पा,” मी म्हणाले, “तो दारातून हाकलून देईल तुम्हाला.”

“देऊ दे की. उंबऱ्याभाईर बसतो. मला उद्या कुठं कामावर जायाचंय?”

जांबोटीची गाडी आली. गर्दी उसळली, कुणाचं गवताचं ओझं, कुणाची खताची पोती. मी आप्पांना म्हणाले, की ही शाल आणि नारळ माझ्याकडं द्या, मी निपाणीला पोचवते, गर्दीत कुठं सांभाळत बसता? त्यांनी दोन्ही छातीशी धरलं.

“न्हाय न्हाय. हे त्याच्यासाठीच घेतलंय. त्याला कुणी निरोप दिला न्हवता.”

कंडक्टरनं त्यांना आत ओढून घेतलं. बसायला जागा नव्हती. आप्पा एका हातानं दांडी धरून उभे राहिले, दुसऱ्या हातात नारळ आणि खांद्यावर ती शाल घडी न मोडता ठेवलेली. गाडी वळून रस्त्याला लागली, तरी मी फलाटावरच उभी होते. रडत होते, आणि लिंबूवाला मला विचारत होता, काय झालं ताई?